न विरणारी ताडपत्री

दरड कोसळून घरं गेलेल्यांच्या तात्पुरत्या झोपड्या आमच्या रस्त्यालगत आहेत. त्यांवरच्या निळ्या ताडपत्र्या दर उन्हाळ्यात करपतात. हात लावला की पापुद्रे गळतात. मग कोणी अधिकारी येतो, नव्या ताडपत्र्या वाटतो आणि पक्क्या घरांचं जुनंच आश्वासन देऊन जातो.

काल आलेल्या साहेबांनी पहिल्याच झोपडीतल्या मावशींसमोर ताडपत्री मोठ्या कौतुकानं उलगडली. "यात खास रसायन घातलंय, मावशी. कितीही ऊन लागू दे, वर्षानुवर्षं विरणार नाही."

वस्तू टिकावी असं आपल्याला वाटतंच. पण तात्पुरतं म्हणून दिलेलंच टिकायला लागलं, तर?

मावशींनी ताडपत्री बोटांनी चाचपली. खरंच चिवट होती.

"म्हणजे साहेब," त्या म्हणाल्या, "आता तुम्हीसुद्धा येणार नाही."