पास्कू रेंदेराचं डोंगराचं गाणं

आमचा पास्कू रेंदेर, म्हणजे माडी काढणारा, माडावर चढला की निम्मा आमच्यातला नसायचाच. शेंड्याला बसून तो माडाच्या फुलोऱ्याला, पोयीला, सुरी लावी, माडी थेंबथेंब मडक्यात गळे आणि हा डोळे मिटून गुणगुणत राही. खालून बायको ओरडायची, "अरे मेल्या, उतर! की जेवण वर पाठवू?" उतरला की अंगाला गोड आंबूस वास आणि तोंडात नवं कडवं.

तियात्रात, म्हणजे आमच्या कोंकणी गाण्यांच्या नाटकात, तो गायचा, मी ट्रंपेट वाजवायचो. पुढाऱ्याला गाण्यात सोलून काढायचं ही आमच्या गोव्यातल्या साष्टीची रीत, पण नाव घ्यायचं नाही. नावाची जागा आली की गाणारा थांबतो, मी एक लांब सूर फुंकतो आणि नाव प्रेक्षक घेतात.

डोंगराचं गाणं असंच. माडावरून रोज दिसणारा डोंगर खणून खणून हळूहळू कमी होत गेला होता. पास्कू गायला, एके दिवशी डोंगर झोपेत चालायला लागला, त्याने नदीत पाय धुतले आणि एका माणसाच्या पोटात जाऊन निजला. मी फुंकलं. अख्खा मांडव ओरडला, "जेर्वाझ!"

जेर्वाझ आमचा आमदार, आणि पास्कू त्याचा पादीन. बाप्तिस्म्याला त्याला हातात धरून उभा राहिलेला धर्मपिता. त्या पादीनवरच त्याने अब्रूनुकसानीचा खटला भरला. मला असा संताप आला म्हणता! ज्याच्या खांद्यावर बसून चर्चच्या फेस्ताची शोभेची दारू उडताना पाहिली, त्यालाच कोर्टात ओढतोस? लाज कशी नाही वाटत?

तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात आमच्या वकिलाने पास्कूला पढवलं, "गाणं कोणावरच नाही, एवढंच म्हणा. नाव नाही तर गुन्हा नाही. कबूल केलंत तर या वयात तुरुंग." पास्कू खिडकीबाहेरचे माड बघत होता. ऐकलं की नाही, देव जाणे.

तेवढ्यात वकिलांच्या घोळक्यातून जेर्वाझ आला. आमच्यात पादीन समोर दिसला की आशीर्वाद मागायचा, मग भांडण असो नाहीतर काही. सवयीने त्याचे हात जुळलेच.

"बेसांव दी, पादीन."

पास्कूने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "देव बरं करो रे पोरा. चहा घेतलास?"

"घेतला."

"मग तोंड का असं?"

त्याचे वकील एकमेकांकडे बघत राहिले.

आत न्यायाधीशांनी विचारलं, "हे गाणं कोणावर आहे?"

"याच्यावर." पास्कूने जेर्वाझकडे बोट दाखवलं.

आमच्या वकिलाने कपाळाला हात लावला. माझ्या तोंडून "अरे वेड्या!" निघून गेलं.

पास्कू मात्र माडावर बसल्यासारखा शांत. "दुसऱ्या कोणावर कशाला करू, साहेब? बाप्तिस्म्याला पाद्रीने विचारलं, सैतानाला सोडतोस का? हा तान्हा, माझ्या हातात. हा काय बोलणार? याच्या वतीने मी म्हटलं, सोडतो. तेव्हा याला बोलता येत नव्हतं म्हणून मी बोललो. डोंगर गेला तेव्हाही हा गप्पच. म्हणून मी गायलो."

जेर्वाझचा वकील खूश होऊन त्याच्या कानाशी वाकला. "कबूल केलं, साहेब! जिंकलो आपण. चला."

जेर्वाझ उठला नाही.