अध्यक्षांना सी, सांस्कृतिकला एफ

मराठी मंडळात एक वर्ष काढलं की किस्से आपोआप जमत जातात, ते कुठे ठेवायचे हाच प्रश्न असतो. दिल्लीत आर. के. पुरमच्या आमच्या मंडळात तर कुठे काय ठेवायचं यावरूनच किस्से झाले. मी तेव्हा नोएडात एका कंपनीत कॉम्प्युटर दुरुस्त करायचो आणि रविवारी स्कूटर काढून मंडळाचा कॉम्प्युटर सांभाळायला यायचो. माझं लग्न लांबण्याचं आई हेच कारण सांगायची.

*

मंडळाने नेहरू प्लेसमधून कॉम्प्युटर घेतला. त्यात आठ जीबीची हार्ड डिस्क होती, त्या काळी चैनच. अडचण अशी की आमच्या जुन्या विंडोजला एका ड्राइव्हमध्ये दोन जीबीच्या पुढे मोजताच यायचं नाही. म्हणून मी डिस्कचे दोन-दोन जीबीचे चार भाग पाडले. सी, डी, ई आणि एफ.

अध्यक्ष दातार साहेब सरकारी खात्यातून अंडर सेक्रेटरी म्हणून रिटायर झालेले. ते म्हणाले, "चार भाग, चार पदाधिकारी. उत्तम सोय केलीत."

मी कसलीही सोय केली नव्हती. तरी ठराव झाला. सी अध्यक्षांना, डी चिटणिसांना, ई खजिनदारांना, एफ सांस्कृतिक विभागाला.

"आणि ए, बी कुणाला?" दातार साहेबांनी विचारलं.

"ती अक्षरं फ्लॉपीसाठी राखून ठेवलेली असतात, साहेब."

"म्हणजे फ्लॉपी अध्यक्षांच्या वर?"

त्यांची नाराजी रीतसर मिनिट्समध्ये गेली.

*

उपाध्यक्ष मोघ्यांच्या वाट्याला काहीच आलं नाही. ते दर सभेत उठून विचारायचे, "माझ्या ड्राइव्हचं काय?"

दातार साहेब म्हणायचे, "उपाध्यक्षांचं काम अध्यक्ष नसताना असतं. मी नसेन तेव्हा बिल्कुल सी वापरा." साहेबांनी एकही सभा कधी चुकवली नाही.

शेवटी मोघ्यांनी स्वतःच मार्ग काढला. ते फाइल टाइप करायचे आणि डिलीट करायचे, म्हणजे ती रिसायकल बिनमध्ये जायची. त्या जागेवर कुणाचं नाव नाही, असं त्यांचं म्हणणं. दिवाळीच्या आधी आमचे खजिनदार शेख काका, मूळचे सोलापूरचे आणि स्वच्छतेचे भोक्ते, यांनी साफसफाई म्हणून बिन रिकामं केलं.

*

सांस्कृतिक विभाग म्हणजे मालतीकाकू. गणपतीत मुलांचं नाटक त्या बसवायच्या. दिल्लीत वाढलेली ही मुलं "ओसरी" आलं की थांबायची. "आंटी, ये क्या होता है?" त्यामुळे खरा भार प्रॉम्प्टरवर, म्हणजे काकूंचे यजमान नानांवर. ते विंगेत खुर्ची टाकून बसायचे आणि संवाद पुरवायचे.

टेपरेकॉर्डरचा प्लगही विंगेतच होता. परिणामी कॅसेटवर नाना खणखणीत आणि मुलं लांबून. पात्रं आठ, पण ऐकू येणारा आवाज एकच.

तीन वर्षांची तीन नाटकं मी कॅसेटवरून कॉम्प्युटरवर घेतली आणि एफ भरला. कॅसेट मोकळ्या झाल्या असं समजून शेख काकांनी त्यांवर आरत्या भरल्या. वाया काही घालवायचं नाही हा त्यांचा स्वभाव.

त्याच हिवाळ्यात नाना गेले.

*

पुढच्या उन्हाळ्यात जुनी डिस्क कुरकुरायला लागली. मी वीस जीबीची नवी डिस्क आणली, नवं विंडोज टाकलं आणि सभेत आनंदाने सांगितलं, "आता भाग पाडायची गरजच नाही. अख्खी डिस्क एकच ठेवता येते."

कुणालाच आनंद झाला नाही.

"एकच?" दातार साहेब म्हणाले. "मग अध्यक्षांचं काय आणि चिटणिसांचं काय, हे कळायचं कसं?"

ठराव झाला की दोन-दोन जीबीचे चार भाग पूर्वीप्रमाणेच ठेवावेत.

"आणि उरलेले बारा जीबी?" मी विचारलं.

"ते मंडळाचे. कुणीही हात लावायचा नाही."

साहेब दर रविवारी येऊन ती रिकामी जागा जागच्या जागी आहे ना, हे पाहून जायचे.

*

गणपती आले. नवं नाटक एफवर ठेवायचं तर जुन्या तीनपैकी एक काढावं लागणार होतं. काकूंना हे सांगताना मला त्या डिस्कचा, मंडळाचा आणि स्वतःचा राग आला.

काकूंनी तिन्ही नाटकं बसून ऐकली. मग म्हणाल्या, "दुसरं काढ. त्या वर्षी यांना सर्दी होती."

मी माउसवर हात ठेवला.

"थांब रे. त्यातच ते शिंकले होते. संवाद समजून मुलंही ओळीने शिंकली."

मी हात काढला. तिन्ही नाटकं तशीच राहिली.

*

त्याच आठवड्यात सभा झाली. मालतीकाकू सभेत कधी बोलत नसत. त्या दिवशी उठल्या आणि म्हणाल्या, "कार्यकारिणीत एक पद वाढवावं, अशी माझी सूचना आहे. प्रॉम्प्टर. नियमाप्रमाणे त्या पदाला ड्राइव्ह मिळावा."

"पदाधिकारी कोण?" दातार साहेबांनी विचारलं.

"नाना."

मग मोघे उठले. आता हे आपल्या ड्राइव्हचं काढणार, म्हणून आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या.

"माझं अनुमोदन," मोघे म्हणाले आणि बसले.

दातार साहेबांनी चष्मा काढून पुसला. पुसून पुन्हा पुसला. "प्रॉम्प्टर यांना एफच्या पुढचा जी ड्राइव्ह," ते म्हणाले. "दोन जीबी. एकमताने मंजूर."

चिटणीस लिहीत होते. "साहेब, पदाची मुदत काय घालू?"

"ती जागा कोरी सोडा," दातार साहेब म्हणाले.