अंगठ्याची पारख

समोरच्या दुकानातल्या शेठला सिगारची हौस होती. हौस कसली, मिजास! चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतरची ती वर्षं. सुरतच्या कापड मार्केटात बाकीचे तंबाखू-सुपारीचा मावा चघळायचे, आणि हा गादीवर लोळून परदेशातल्या भाच्याने पाठवलेली लाकडी पेटी उघडायचा. आमच्या दुकानात साड्या उलगडता उलगडता मी हा तमाशा रोज बघायचो.

पेटी कुलरच्या ओलसर वाऱ्यात असायची, त्यामुळे काही सिगारींवर पांढरं धरायचं. शेठ एकेक सिगार डोळ्यांजवळ नेऊन तिच्यावरून अंगठा फिरवायचा आणि गिऱ्हाइकांना शहाणपण शिकवायचा. "भुकटीसारखं पुसलं गेलं आणि खाली पान चमकलं, तर ते मुरल्याचं तेज. लोकरीसारखं हिरवट असलं, पुसल्यावर डाग राहिला, तर बुरशी. सरळ फेकायची."

दिवाळीच्या तोंडावर त्याने आमच्या खानदेशी हमालाला एक सिगार दिली. तिच्यावर चांगली हिरवट लव होती. "परदेशी माल आहे. मुरलाय, म्हणून असा दिसतो," शेठ म्हणाला. बिचाऱ्याने ती कपाळाला लावली.

मी हमालाला जिन्यात गाठून ती फेकायला लावली आणि तडक शेठकडे गेलो. "शेठ, ती तर बुरशी होती!"

"मने खबर छे," तो हसला. "एने क्यां खबर छे?" म्हणजे, त्याला स्वतःला ठाऊक होतं, हमालाला कुठे ठाऊक होतं!

वर मलाही दिवाळीचा म्हणून पेढ्यांचा डबा पुढे केला. मी तो त्याच्या गिऱ्हाइकांसमोरच उघडला आणि पहिल्या पेढ्यावरून सावकाश अंगठा फिरवला.