संत्र्याचा वास येणारे हात

कार्तिक लागला की सौंसरच्या रस्त्यालगतच्या बागांमध्ये संत्र्यांची तोड सुरू होते, आणि तो आंबटगोड, किंचित झोंबणारा गंध कोवळ्या उन्हाबरोबर आमच्या शाळेच्या खिडक्यांतून आत येऊन बसतो. इतरांना तो प्रसन्न वाटत असेल. मला त्या दिवसांत वर्गाचा भरवसा वाटत नाही. सालीची चिळकांडी नेमकी शेजाऱ्याच्या डोळ्यांत उडवण्याची विद्या इथल्या पोरांना मुळाक्षरांच्या आधी येते.

त्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर वर्गात आले, तर चौथीतली निलू डोळे घट्ट मिटून हुंदके देत होती. साल कुणी पिळली ते तिला दिसलं नव्हतं, आणि ज्यांना दिसलं होतं ते साळसूदपणे फळ्याकडे बघत होते. शाळेतून छडी कधीच गेली. माझ्यापाशी नाक तेवढं उरलं आहे. मी सगळ्यांना हात पुढे करायला लावले आणि एकेकाचा वास घेत निघाले. सगळे हात संत्र्याचेच निघाले. फक्त वैशालीचे साबणाने स्वच्छ धुतलेले होते. नळाजवळच्या साबणाला सांगितल्याशिवाय कुणी शिवत नाही; मग आजच हिला स्वच्छता कशी आठवली? संशय तिच्यावर जाऊन बसला तो हलेना.

"म्या नाही केलं, मॅडम. मी तं निलूचे डोये धुवून देऊन राहिली होती. साबणानं हात धुतल्याबिगर डोयाले लावाचे नाही, तुमीच तं सांगतलं होतं."

उत्तर फारच चोख होतं, आणि चोख उत्तरांनी माझा संशय वाढतो. निलूला विचारलं, तर कुणीतरी डोळ्यांवर पाणी मारलं, एवढंच तिला ठाऊक. खोडी काढणारं पोर घाबरून स्वतःच पाणी घेऊन धावतं, हेही मी पाहिलेलं आहे. शनिवारी सौंसरला धावण्याच्या स्पर्धेला आमच्या शाळेतून एकटी वैशाली जायची होती. त्यासाठी ती रोज शाळा सुटल्यावर बागेच्या कडेने अनवाणी पळत असे. तुझं जाणं रद्द, असं मी सांगून टाकलं. ती रडली नाही, नुसती आपल्या हातांकडे बघत राहिली, आणि तेही मला खटकलं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेआधी, गवतावरचं दव अजून सुकायचं होतं, तेव्हा ती वर्गाच्या दारात माझी वाट बघत उभी होती. दोन्ही तळवे साल चोळचोळून पिवळे केलेले.

"आता घ्या न वास, मॅडम. आज माया हाताले पन सगळ्यांसारखाच येऊन राहिला. जाऊ न मी शनिवारी?"

ज्यांच्या हाताला वास आला ते सुटले, एवढंच ती माझ्याकडून शिकली होती. मला भरून आलं. मी तिच्या तळव्यांवर वाकले, वास घेतला आणि जा म्हणाले. ती उड्या मारत मैदानाकडे पळाली. पण वाकले होते तेव्हा, डोळे भरलेले असतानाही, माझं नाक त्या सालीच्या वासाखाली साबणाचा वास शोधत होतं.