मोडायच्या आधी एक चक्कर

मी तात्याराव, ताडकळसचा मंडपवाला. माझी लेक संघप्रिया पुण्यात एका कंपनीत नकाशे करायची. ड्रोननं काढलेले शेताचे हजारो फोटो जोडून एक नकाशा. तिची आई गेली तवा ती साहेबाला म्हणाली, आता गावातूनच काम करते. साहेब म्हणाला, महिनाभर करून दाखव, न्हाई जमलं तर परत पुण्याला. मला पोर घरीच पायजे होती. एकट्या माणसाला घर खायला उठतं.

तिचा लॅपटॉप पार जुना. फोटो टाकले की बसलाच. म्हणून तिनं क्लाउडवरची मशीन तासाच्या भाड्यानं घेतली. म्हंजी कुठंतरी लांब ठेवलेला दांडगा कंप्युटर, आपण हितून इंटरनेटवर चालवायचा. तिनं एक यादी लिहून ठेवली होती. मेमरी इतकी, प्रोग्राम हे, फोटो अमक्या जागेवरून आणायचे. सकाळी एक बटन दाबलं की त्या यादीबरहुकूम दहा मिनटात मशीन उभी. संध्याकाळी काम काढून घ्यायचं आणि मशीन मोडायची. तासभर कुणी हात लावला न्हाई तर ती आपोआपच मोडायची.

"मग हा मांडवच की गं," मी म्हणलो.

"तसंच हाय, बाबा," म्हणून हसली.

महिना संपायच्या आदल्या दिवशी नेमका बाजार. सगळी पंचक्रोशी गावात लोटलेली, ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल, टावर पार जाम. दुपारी इंटरनेटची लाइन गेली ती दीड तास आलीच न्हाई. आली तवा मशीन मोडलेली, आणि सकाळपासनचं कामबी तिच्यासंगं गेलेलं. नकाशा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी द्यायचा होता.

"ताडकळसची असून बाजाराचा वार इसरलीस? शिकून काय दिवे लावले?" मी बोलून बसलो. ती रडायला लागली. मग माझं मलाच कसंतरी झालं.

तिच्यापाशी बसलो. म्हणलो, "एकदा मांडव सोडताना गुंडाळलेल्या सतरंजीत झोपलेलं लेकरू सापडलं होतं. तवापासून आधी सगळीकडं चक्कर मारतो, कुणाचं काय राहिलं का बघतो, मगच दोरीला हात. तुझी मशीन मारती का चक्कर?"

तिनं डोळे पुसले आणि यादीत चार ओळी वाढवल्या. मोडायच्या आधी झालेलं काम दुसऱ्या जागी ठेव, नीट ठेवलं का बघ, मगच मोड.

दुसऱ्या दिवशी लाइन परत गेली, मशीनबी मोडली. पण काम जिथल्या तिथं. लाइन आल्यावर तिनं मशीन परत उभी केली, आणि पाचच्या आत नकाशा गेला.

साहेबाचा फोन आला. तिनं यादीचं सांगितलं तसा लय खूश झाला. म्हणाला, नोकरी पक्की, गावात राहा. पण ही यादी समद्यांना पायजे. पुण्यालाच राहून दहा जणांना शिकवशील तर हुद्दा वाढवतो, तूच ठरव.

फोन ठेवून ती माझ्याकडं बघत राहिली. "न्हाई म्हणू का, बाबा?"

'हो' जिभेवर आलं होतं. लय आलं होतं.

"जा," म्हणलो. "मला येती की भाकरी थापता."

येत न्हाई. आणि ते तिलाबी ठाऊक हाय.