भर रांगेत

दुकानात कोणाची निंदा सुरू झाली, की काकू काउंटरवर तळहात ठेवून विचारायच्या, "ती इथे आहे का? नाही ना? मग थांब." विषय तिथेच संपायचा. लंडनमधल्या एजवेअरच्या आमच्या फार्मसीत त्यामुळे मॅनेजरला नावं ठेवायचीही सोय नव्हती. दुपारचा चहा अगदी फिका वाटायचा.

काकू अलिबागकडच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू. शनिवारी काही झालं तरी कामावर यायच्या नाहीत, एरवी ताप असला तरी यायच्या. घरी नवस फेडला की गोड पोह्यांचा मलिदा डबाभर आणायच्या. औषधाची पिशवी नेहमी दोन्ही हातांनी द्यायच्या. मी एकदा हसले, तर म्हणाल्या, "आजारी माणूस आधीच लहान झालेला असतो, बाय. आपण आणखी कशाला करायचा?"

मी नागपूरची, फार्मासिस्ट आणि तोंडाने फटकळ. एका सकाळी एका बाईंनी दुसऱ्याच कुणाच्या औषधांची पिशवी काउंटरवर परत आणून ठेवली. रांग दारापर्यंत गेलेली. मी काकूंवर ओरडले, "वाचता येत नाही का तुम्हाला?" तेही इंग्रजीत, सगळ्यांना कळेल असं. काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. नंतर पाहिलं, तर पिशवीवर चुकीचं लेबल मीच चिकटवलं होतं.

मी त्यांना मागच्या खोलीत गाठून सॉरी म्हटलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "बोललीस चारचौघांत आणि माफी इथे? माणसाला लोकांसमोर खाली बघायला लावणं आमच्याकडे रक्त सांडल्यासारखं मानतात. देवसुद्धा ते परस्पर माफ करत नाही. जिथे बोललीस तिथे सांग."

मला रागच आला. एवढ्याशा गोष्टीचं केवढं करायचं ते! तुमच्याही ओळखीत असं एखादं सरळ माणूस असेल, ज्याच्या सरळपणाचा आपल्यालाच त्रास होतो. आज म्हणू, उद्या म्हणू, करत महिने गेले.

योम किप्पूर, म्हणजे त्यांचा उपासाचा आणि माफीचा दिवस, जवळ आला. काकू भर रांगेसमोर माझ्यापाशी आल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, "मी तुझ्याबद्दल मनात राग धरला होता. मला माफ कर." मी नुसती मान हलवली. तेव्हा बोलायला हवं होतं. उपासानंतर आठवड्याभरात त्यांना हॉस्पिटलमध्ये नेलं, आणि तिथून त्या परत आल्या नाहीत.

त्यांच्या इथेच जन्मलेल्या मुलीपाशी मी सगळं कबूल केलं. ती म्हणाली, "अजून करता येतं. ग्रेव्हवर जाऊन सांगायचं. दहा लोक लागतात, विटनेस म्हणून. प्रॉपरली ज्यूइश पाहिजेत, पण तुझ्यासाठी मम्मी मिक्स्ड क्राउड चालवून घेईल."

मी ठरवलं, दहा म्हणजे दहाच, आणि जमतील तितके त्या दिवशीच्या रांगेतले. तीन आठवडे मी लोकांच्या मागे लागले. त्या रांगेतल्या काठीवाल्या आजोबांना तर घरून घेऊन आले.

कबरीपाशी वारा होता. मी मान खाली घालून हळूच, मराठीत म्हटलं, "काकू, चूक माझी होती."

आजोबांनी कानामागे हात धरला. "स्पीक अप, लव्ह."

पुन्हा मागच्या खोलीतच शिरले होते मी. मग मान वर केली, आणि काउंटरवर ओरडले होते तेवढ्याच मोठ्याने, सगळ्यांना कळेल अशा इंग्रजीत, चूक माझी होती, हेच वाक्य पुन्हा म्हटलं.