बर्मिंगहॅममधलं शेवळ

सुमन, मी इकडे यायला निघाले त्या सकाळी आई स्टँडवर आली नाही. ती तुला घेऊन रानात गेली होती. "शेवळं चारच दिवस निघतात, बाय. विमान रोज उडतं," असं आदल्या दिवशी म्हणाली होती. जव्हारहून एसटी सुटली आणि मी वाटभर तुझाच राग करत बसले. तोवर आईबरोबर रानात मीच जायचे. लहानपणी शेवळाची भाजी खाल्ली की तुझा घसा खाजायचा आणि तू रडून पाडा डोक्यावर घ्यायचीस. कडूकंद कुठं खणायचा, कापून वाहत्या पाण्यात किती वेळ ठेवायचा, हे मला ठाऊक होतं. तुला नव्हतं.

राजूनं मला नातीसाठी आणलं. तो आणि सून दोघंही हॉस्पिटलात. मी ईशाला स्कूलला सोडते, आणते. बसमध्ये कुणाशी बोलत नाही. फ्रिजमध्ये पालक पिशवीत, धुतलेला. निवडायला काही नसतंच.

मागच्या पावसाळ्यात तुझा फोटो आला. तालुक्याच्या रानभाजी महोत्सवात तू नव्या लुगड्यात उभी, पुढं शेवळं, कोरळ, कुर्डू, आणि साहेबांच्या बायका तुझं लिहून घेतायत. सून म्हणाली, "आई, सुमनमावशी तर फेमस झाल्या!" मी हसले आणि मोबाईल उपडा ठेवला.

या एप्रिलमध्ये पार्कच्या हेजखाली मला शेवळ दिसलं. हिरवं टोपण, आत जांभळा दांडा. मी तिथंच खाली बसले. मनात पहिलं काय आलं सांगू? आता सुमनला दाखवते.

ईशाच्या लंचबॅगेत शेवळं भरून आणली. शेवळाची खाज मोडणारी आंबट काकडं इथं कुठली, म्हणून चिंच भिजवली. फोडणी दिली. ईशा ताटली घेऊन बसली होती. "आजी, हा भाजी स्मेल करतो," म्हणाली. मी तुला व्हिडिओ कॉल केला. आईला आता नीट दिसत नाही, तिच्यापुढं फोन तूच धरलास.

"काकडं घातली का गं?" आईनं विचारलं.

"चिंच घातली."

तू मध्येच बोललीस, "ताई, बाजूला पान होतं?"

"होतं की, चांगलं मोठं."

"मग ते शेवळ नाही! शेवळ एकटं वर येतं, पान मागून. एवढं विसरलीस? टाक आधी. पोरीला दिलंस का?"

"अजून नाही," म्हणत मी आईकडं पाहिलं. ती म्हणाली, "सुमनचं ऐक."

सगळं टाकलं, भांडं घासलं. संध्याकाळी राजूनं फोनवर शोधलं आणि त्याचा चेहरा उतरला. विषारी होतं ते.

तू माझी नात वाचवलीस. तुला हात जोडायला हवेत. पण आईचे ते दोन शब्द अजून टोचतात. 'ताईचं ऐक' असं तिनं कधी तुला सांगितलं असेल का, हेच आठवत बसते.

घर म्हटलं की मला आता झोपडी आठवत नाही. आईची पाठ आठवते, झुडपातून पुढं जाणारी, आणि तिच्यामागं मी. ती जागा तुझी झाली. जूनचं तिकीट काढायला राजूला सांगणार आहे. मी आले की रानात आईचा हात मी धरणार. तू मागून ये. मी चुकीचं काही तोडलं तर हळूच सांग. आईला ऐकू जाऊ देऊ नकोस.